माळ, नांगर आणि माळढोक

मुंबई इलाख्याची जुनी जिल्हा गॅझेटियरे चाळणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासकास त्यांतील एक प्रकरण ओलांडून पुढे जाण्याची सवय जडलेली असते. ते प्रकरण ‘उत्पन्ना’चे. त्यात जिल्ह्यातील खनिजे, झाडे, जनावरे, पक्षी व मासे यांची यादी असते. जमीनमहसूल, पाहणी, धारा, लागवडीखालील व पडीक क्षेत्र हा मजकूर त्यानंतर पाच-सहा प्रकरणांनी येतो, आणि आपले लक्ष स्वाभाविकपणे तिकडे असते. अहमदनगर जिल्ह्याचे (आताच्या अहिल्यानगरचे) गॅझेटियर १८८४ साली निघाले. निजामाच्या राज्यातील औरंगाबाद जिल्ह्याचेही त्याच वर्षी निघाले. ही दोन प्रकरणे एकमेकांशी बोलत नाहीत. माळावरील पक्षी एका प्रकरणात आणि माळ दुसऱ्या प्रकरणात, अशी ही विभागणी आहे. गोदावरीच्या दोन्ही तीरांवरील प्रदेशापुरती ही दोन प्रकरणे एकत्र वाचून पाहावीत, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रश्न असा आहे की, प्राण्याच्या अंगावरील जो रंग त्याला शत्रूच्या नजरेपासून लपवितो, त्या रंगाचे, त्याच्या पायाखालची भूमीच बदलली असता काय होते? या रंगसाम्यास ‘मायावरण’ अशी संज्ञा आहे व ती समर्पक आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेस याने १८६७ मध्ये व एडवर्ड पोल्टन याने १८९० मध्ये या विषयाची शास्त्रीय मांडणी केली. ह्यू कॉट याचा १९४० चा ग्रंथ आजही या विषयाचा आधारग्रंथ समजला जातो. या सर्वांच्या विवेचनातून एक गोष्ट निष्पन्न होते, आणि इतिहासकाराच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. मायावरण हा केवळ प्राण्याचा गुण नव्हे. तो प्राणी आणि त्याची पार्श्वभूमी यांच्यातील संबंध आहे. वाळल्या गवतात अदृश्य होणारा पक्षी हिरव्या उसाच्या कडेला उभा राहिला की, एकही पीस न बदलता उघडा पडतो. पक्ष्याच्या रंगाला लाखो वर्षांचा इतिहास आहे आणि तो प्राणिशास्त्राचा विषय होय. पार्श्वभूमीला मात्र गेल्या चार शतकांचा इतिहास आहे, आणि तो दप्तरखान्यात पडून आहे.

दख्खनच्या पठाराची पार्श्वभूमी मुळात दुहेरी आहे. मृगाच्या पावसापासून साधारण चार महिने ती हिरवी असते. उरलेले आठ महिने पिवळी, तपकिरी, करडी. बरड जमिनीवर मुरूम व दगडगोटे उघडे पडतात, सखल भागात काळी माती भेगाळते. या माळावर राहणारे बहुतेक पक्षी आठ महिन्यांच्या रंगाचे आहेत. चंडोल, धाविक, पखुर्डी, रातवा, लावा हे सर्व जमिनीवरच अंडी घालतात आणि या सर्वांची पाठ पाहिली तर वाळलेल्या गवताच्या काड्या, मातीची ढेकळे व त्यांच्या सावल्या यांचे मिश्रण कोणी त्यावर रेखाटले आहे असे वाटते. झांबियामध्ये रातवे, टिटव्या व धाविक यांच्या घरट्यांवर केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. शेवटपर्यंत घरट्यावर बसून राहणाऱ्या रातव्याच्या बाबतीत पालकाच्या पिसांचे रंगसाम्य, आणि धोका दिसताच दूर पळणाऱ्या टिटवी-धाविकांच्या बाबतीत अंड्यांचे रंगसाम्य, यांवर अंड्यांचे वाचणे अवलंबून असल्याचे त्यात दिसून आले. रंगसाम्यामुळे संरक्षण मिळते हे पूर्वी तर्काने सांगितले जात होते. आता ते मोजून दाखविले गेले आहे.

काही प्राण्यांनी दोन पार्श्वभूमींसाठी दोन वेष राखून ठेवले आहेत. आपल्याकडे सायंकाळी दिव्यापाशी येणारे एक तपकिरी फुलपाखरू आहे (शास्त्रीय नाव मेलॅनायटिस लेडा). त्याच्या पावसाळी पिढीच्या पंखांखाली डोळ्यांसारखी वलये असतात. कोरड्या ऋतूतील पिढीत ती जवळजवळ नाहीशी होतात व पंख मिटून बसलेले फुलपाखरू हुबेहूब वाळके पान दिसते. पूर्वी असल्या दोन रूपांना दोन वेगळ्या जाती समजत. लायोनेल द निसेव्हिल याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यास फुलपाखरे पाळून अशी रूपे एकाच जातीची असल्याचे दाखवून दिले. कोणता वेष घ्यावयाचा हे अळीच्या अवस्थेतील हवामानावरून, मुख्यतः उष्णतेच्या मानावरून, ठरते. भर फाल्गुनात पाटाच्या पाण्याने हिरव्या असलेल्या शिवारात वाळक्या पानाचा वेष कितपत उपयोगी पडत असेल, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. पण फुलपाखराजवळ निदान दुसरा वेष आहे. माळढोकाजवळ तो नाही.

माळढोक हा या माळाचा सर्वांत मोठा पक्षी. उंची सुमारे एक मीटर. नराचे वजन दहा ते पंधरा किलोपर्यंत भरते. एवढ्या देहाचा पक्षी लपणार कोठे, असे प्रथमदर्शनी वाटते, आणि नराच्या बाबतीत ते काही अंशी खरेही आहे. विणीच्या काळात उंचवट्यावर उभा राहून गळ्याची पांढरी पिशवी फुगविणाऱ्या नराला आपण दिसावे असेच वाटत असते. लपावयाचे असते ते मादीला. ती उघड्या जमिनीवर, किंचित उकरलेल्या खळग्यात, बहुधा एकच अंडे घालते. अंडे मातकट हिरवट-तपकिरी असून त्यावर गडद ठिपके असतात. सुमारे चार आठवडे मादी एकटीच ते उबविते. पिल्लू बाहेर पडल्यावर धोक्याची चाहूल लागताच जमिनीशी चपटे होऊन निश्चल पडते. एका हंगामात एक अंडे, आणि त्या अंड्याचे रक्षण करणारे एकच साधन, म्हणजे भोवतालच्या जमिनीचा रंग.

आता इतिहासाकडे वळू. माळढोकाविषयीच्या लेखनात एक आकडा वारंवार उद्धृत होतो. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत अहमदनगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारले. या आकड्याचा आजवर एकच अर्थ लावण्यात आला आहे: बंदुकीने माळढोक संपविला. एका शिकाऱ्याच्या नोंदीवर किती भार टाकावा हा प्रश्न बाजूस ठेवू. आकडा ढोबळमानाने खरा धरला तरी त्यातून दुसराही एक निष्कर्ष निघतो, आणि तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. एका जिल्ह्यात एका माणसाला वर्षाकाठी सरासरी अठ्ठेचाळीस पक्षी, तेही सतत वीस वर्षे, मिळत राहिले. म्हणजे त्या काळी तेथे माळढोकांची संख्या फार मोठी असली पाहिजे. ती तेवढी का होती?

त्या वर्षांचा नगर प्रांत आठवून पाहावा. १८०२-०३ मध्ये होळकर-शिंद्यांच्या फौजांनी व त्यांच्या मागून आलेल्या पेंढाऱ्यांनी हा मुलूख उद्ध्वस्त केला. १८०३-०४ च्या दुष्काळाने उरलेसुरले नेले. गावेच्या गावे ओस पडली, बैल मेले, शेते पडीक राहिली. दख्खनमध्ये पडीक शेत दोन-चार पावसाळ्यांत गवताखाली जाते. मॅन्सफील्डने ज्या माळावर शिकार केली तो सगळाच अनादि माळ नव्हता. त्याचा पुष्कळसा भाग माणसाच्या दैन्यातून परत आलेला माळ असला पाहिजे, असे आमचे अनुमान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे हे वैपुल्य निसर्गाची मूळ अवस्था म्हणून गृहीत धरण्याची चूक प्राणिशास्त्रज्ञांकडून अनेकदा होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी ती करू नये. (अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये वाघाच्या शिकारीस निघालेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना दिसली, ही कथा सर्वश्रुत आहे. त्याही कथेत शिकाऱ्याकडे सर्वांचे लक्ष जाते, घळीतील रानाकडे कोणाचे जात नाही.)

माळाचे हे परत येणे त्यापूर्वीही अनेकदा घडले होते. १६३०-३२ च्या भीषण दुष्काळानंतर दख्खनच्या मोगल सुभ्यांतील लागवड इतकी खालावली की, औरंगजेब १६५३ मध्ये दुसऱ्यांदा सुभेदार म्हणून आला तेव्हा वसूल अपुरा पडत होता. त्याचा दिवाण मुर्शिद कुलीखान याने जमिनीची पाहणी केली, शेतकऱ्यांना तगाई दिली, ओस पडलेली गावे वसविली. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी वसविली तेव्हापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत दख्खनच्या प्रत्येक राज्यकर्त्याची चिंता एकच होती, पडीक जमीन नांगराखाली कशी आणावी. कौल, इस्तावा, तगाई हे सारे त्याच चिंतेचे शब्द आहेत. पहिली काही वर्षे हलका धारा, मग चढता, असे इस्ताव्याचे स्वरूप असे. यावरून दिसते की, नांगर आणि गवत यांची सीमा पुढे-मागे सरकत होती. युद्ध, दुष्काळ, पटकी यांनी ती मागे लोटावी. कौल व तगाईने ती पुढे न्यावी. माणसाला ही अस्थिरता घातक होती. माळावरच्या पाखरांच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ असा की, त्यांची पार्श्वभूमी गेली तरी कायमची जात नव्हती.

१८३५-३६ पासून हे चक्र थांबले. त्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी पाहणी व तीस वर्षांचा धारा बसविला. हीच पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. सालारजंगांच्या सुधारणांनंतर निजामाच्या मराठवाड्यातही मुंबईच्या धर्तीवर पाहणी झाली. धारा निश्चित व हलका झाला, शांतता होती, लोकसंख्या वाढली. १८६१-६५ च्या अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचे भाव चढविले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग आणि १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादेकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा मार्ग सुरू झाला. १८७६-७८ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत माणसे व जनावरे मेली, पण त्यानंतर नांगर पुन्हा पूर्वीसारखा मागे हटला नाही. नांगराखालील काळी माती ही माळढोकाच्या पाठीच्या रंगाची नव्हे. तरीही ज्वारी-बाजरीच्या कोरडवाहू शिवारात, पडीक तुकड्यांच्या आधाराने, तो काही काळ तग धरून होता. ज्वारीचे रानही अखेर वर्षातील बरेच महिने वाळल्या गवताच्याच रंगाचे असते. किडे, टोळ खाणाऱ्या या पक्ष्याला शेतकऱ्याने शत्रू मानल्याचे आढळत नाही.

या काळातील शिकारीच्या वर्णनांत एक बारकावा आहे, तो येथे नोंदविला पाहिजे. माळढोक पायी येणाऱ्या माणसाला मैलावरून ओळखतो व दूर जातो. पण बैलगाडी दिसली तर बिचकत नाही. म्हणून शिकारी बैलगाडीत बसून, वर्तुळाकार फेऱ्या घालीत जवळ जात. गायपारध्यांची रीत यापेक्षा जुनी: शिकविलेल्या गाय-बैलाच्या आडोशाने सावजापाशी सरकावयाचे. म्हणजे माणसानेही मायावरणच वापरले, आणि तेही पक्ष्याच्या परिचयाच्या पार्श्वभूमीतून उचललेले. ज्या माळावर पक्षी गवतात लपे, त्याच माळावर माणूस बैलाआड लपे. पुढे जीपगाडी आली आणि ही कला निरुपयोगी झाली. पारध्यांना मात्र १८७१ च्या कायद्याच्या छायेत ‘गुन्हेगार’ ठरविण्यात आले. माळाविषयीचे बारीकसारीक ज्ञान ज्या समाजापाशी होते, तोच माळावरून हुसकावला गेला.

सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानच्या पक्ष्यांची पाहणी केली व मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिचे भाग प्रसिद्ध झाले. औरंगाबाद तेव्हा त्या संस्थानातच होते. मराठवाड्याच्या पाखरांची ही पहिली पद्धतशीर नोंद होय, आणि पुढील बदल मोजण्यास तीच पायरी उपयोगी पडते.

इंग्लंडमधील एका पतंगाचे उदाहरण येथे घेतल्यावाचून गत्यंतर नाही, कारण पार्श्वभूमी बदलल्यावर काय होते याचे ते सर्वांत नीट अभ्यासलेले प्रकरण आहे. बर्चच्या झाडावर बसणारा हा ठिपकेदार पांढरट पतंग. १८४८ मध्ये मँचेस्टरला त्याचा काळा प्रकार प्रथम नोंदला गेला आणि शतकाच्या अखेरीस तेथील सुमारे पंच्याण्णव टक्के पतंग काळे झाले. गिरण्यांच्या धुराने सालींवरील दगडफूल मेले व साली काळवंडल्या, हे त्याचे कारण. १९५० नंतर केटलवेल याने त्यावर प्रयोग केले. त्यांवर आक्षेप आले. मायकेल मजेरस याने केंब्रिजजवळ २००१ ते २००७ या काळात पुन्हा निरीक्षणे करून पक्षी उठून दिसणारे पतंगच अधिक टिपतात हे सिद्ध केले. आपल्या दृष्टीने कथेचा उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे. १९५६ मध्ये तेथे शुद्ध हवेचा कायदा झाला, साली पुन्हा उजळल्या, आणि पांढरा पतंग परत आला. पतंगाला हे साधले, कारण त्याची दर वर्षी एक पिढी होते, एक मादी शेकडो अंडी घालते, आणि काळा प्रकार मुळात जातीत उपलब्ध होता. माळढोकाच्या दृष्टीने शंभर वर्षे म्हणजे मोजक्या पिढ्या, आणि एका हंगामात एक अंडे. त्याला हिरवा वा काळा होण्यास वेळच नाही. त्याच्या बाबतीत बदलू शकते ती फक्त साल, म्हणजे जमीन.

ती जमीन १९६० नंतर झपाट्याने दुसऱ्या दिशेने बदलली. पैठणजवळ जायकवाडीच्या धरणाची कोनशिला लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ मध्ये बसली व १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नाथसागराच्या सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पाण्याने पाणपक्ष्यांना नवे घर दिले. १९८६ मध्ये तेथे पक्षी अभयारण्यही झाले. कालव्यांखाली, आणि त्याहून अधिक विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यावर, ऊस पसरला. चार महिन्यांचा हिरवा रंग बारा महिन्यांचा झाला. उंच, दाट, ओल्या पिकात माळावरच्या पक्ष्याला दूरवर पाहताही येत नाही. त्याच काळात ‘ओसाड’ माळ हिरवे करण्याच्या उत्साहाने वृक्षलागवड झाली. गिरिपुष्पाची रोपे गवताळ भागांत लावली गेली. झाड लावणे हे पुण्यकर्म असे आपण लहानपणापासून ऐकतो, म्हणून हे लिहिणे अवघड आहे. पण उघड्या माळावर लावलेले प्रत्येक झाड कावळ्याला व शिकारी पक्ष्याला टेहळणीचा बुरूज देते. अंड्याचा रंग जमिनीवरून पाहणाऱ्या कोल्ह्याला फसवील; वरून, जवळून, रोज पाहणाऱ्या कावळ्याला कितपत फसवील? गावाभोवती वाढलेल्या मोकाट कुत्र्यांना तर रंगाची गरजच नसते, ती वासावर जातात.

सोलापूरजवळच्या नान्नज येथे १९७२ मध्ये माळढोक पुन्हा लक्षात आला. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली चराईपासून राखलेले गवताचे तुकडे त्याने जवळ केले. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र एवढे अफाट की, त्यात शेते, गावे, शहरेही आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि शेतकऱ्याच्या मनात पक्ष्याविषयी राग बसला. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. देशभरातील माळढोकांचा अंदाज १९६९ मध्ये सुमारे १,२६० होता. आज तो दीडशेच्या आसपास वा त्याखाली सांगितला जातो व त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. तेथे विजेच्या तारा हा नवा शत्रू आहे. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना. चोहीकडे पाहण्यास ते उत्तम, नेमके समोर पाहण्यास अपुरे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला व मार्च २०२४ मध्ये तो शिथिल केला.

तुलनेसाठी काळविटाकडे पाहावे. त्याचे रक्षण रंगाने नव्हे, वेगाने व कळपाने होते. प्रौढ नर तर गवतात दुरून ठळक दिसतो. शिकारीचा कायदा १९७२ मध्ये कडक झाल्यावर तो शेतांतून पुन्हा वाढला. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे अभयारण्यही त्याला पुरले, कारण भोवतालच्या पिकांत चरण्यास त्याला अडचण नाही. बंदूक दोघांवरही चालली होती. बंदूक थांबल्यावर एक परतला, दुसरा परतला नाही. केवळ शिकारीने माळढोक संपला या मताला यापेक्षा चांगला प्रतिवाद आम्हांस सापडत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर या विवेचनाचा विपर्यास होईल. गायरानावर नांगर घालणारा प्रत्येक हात लोभी नव्हता. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ मध्ये भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांत मराठवाड्यातील दलित शेतमजुरांची मागणी पडीक जमिनीचीच होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गावाच्या सुपीक जमिनीत वाटा मिळाला नाही, त्यांच्या वाट्यास माळ आला. पक्ष्याचे घर आणि माणसाची भाकरी एकाच तुकड्यावर आणून ठेवली ती सुपीक जमिनीच्या विषम वाटणीने, हे विसरून माळाचा इतिहास लिहिता येणार नाही.

महसुली दप्तराची भाषाही या प्रश्नाचाच भाग आहे. शेतकरी माळ, बरड, कुरण हे शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वापरतो. दप्तरात त्यांचे ‘पडीक’ व ‘पोटखराब’ होते. ज्या जमिनीवर धारा बसत नाही ती खराब, हा हिशेब राज्यकर्ते बदलले तरी तसाच राहिला, आणि वृक्षलागवडीसाठी वा कारखान्यांसाठी जागा शोधताना प्रथम याच रकान्यात बोट जाते.

वैजापूर, गंगापूर, पैठण या तालुक्यांतील पडीक क्षेत्राचे आकडे निजामी काळच्या जमाबंदीच्या कागदांतून वर्षवार काढून १९३१-३२ च्या पक्षिनोंदींशेजारी मांडले, तर वरील अनुमानांपैकी कोणती टिकतात व कोणती टाकावी लागतात ते समजेल. त्यासाठी उर्दू व मोडी वाचता आली पाहिजे आणि चंडोल व धाविक यांतील भेदही ओळखता आला पाहिजे. या दोन्ही गोष्टी येणारा विद्यार्थी मिळणे कठीण. म्हणून इतिहास व प्राणिशास्त्र या दोन विभागांतील दोन विद्यार्थ्यांनी हे काम मिळून हाती घ्यावे आणि आरंभ वैजापूरपासून करावा.